न्यूट्रल सुटलं ती दुपार

माझ्या डोक्यावरचा पंखा एकदम जोरात फिरायला लागला आणि पहिल्यांदा मला बरंच वाटलं. उन्हाळा, दुपारची वेळ, पत्र्याचा नुसता भडका उडालेला. व्होल्टेज आलं एकदाचं, असं म्हणून मी परत गणिताकडं वळले. तेवढ्यात आतल्या खोलीतनं आप्पांच्या मशीनची शिट्टी सुरू झाली.

थांबा, आधी घर सांगते, नाहीतर काही कळायचं नाही. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेज कोल्हापुरात, राहायला शाहूपुरीत मैत्रिणींबरोबर एका खोलीत. सोमवारी नेटवर्क ॲनालिसिसचा पेपर होता, म्हणजे सर्किटची सगळी प्रमेयं, थेवेनिन, नॉर्टन, मिलमन, सगळी जत्रा. खरं तर खोलीवरच थांबून अभ्यास करायला पाहिजे होता. पण आप्पा, म्हणजे माझे वडील, न्यूमोनियातनं उठून नुकतेच दवाखान्यातनं घरी आलते, म्हणून मी पुस्तकं पिशवीत कोंबून कबनूरला घरी आले.

आप्पा घरी आलते, पण फुप्फुसं अजून पुरती सुधारली नव्हती. दवाखान्यानं सांगितलेलं, ऑक्सिजनचं मशीन घरी ठेवा. हवेतनं ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकात सोडणारं ते मशीन, लहान फ्रीजएवढं. रात्रंदिवस घुर्र घुर्र. बोटाला चिमटा लावायचा, त्यावर आकडा दिसतो, तो नव्वदच्या खाली जाऊ द्यायचा नाही, असं तिथल्या सिस्टरनी आईला बजावून सांगितलेलं. मशीन थोडा वेळ बंद केलं तरी आकडा घसरायचा. अडीनडीला म्हणून एक छोटा सिलेंडर होता, तो सकाळीच भरायला दिलेला, संध्याकाळी मिळणार होता. इन्व्हर्टरची बॅटरी कधीच मेलेली. म्हणजे त्या दुपारी आप्पांचा श्वास सरळसरळ भिंतीतल्या प्लगवर चाललेला.

आणि तो प्लग आता धड नव्हता. मशीनची घुर्र घुर्र बसकी झालती, गाडी चढाला दम टाकते तशी, आणि वर ती शिट्टी. व्होल्टेज कमी पडलं की ते मशीन अशी शिट्टी मारतं.

काका मागच्या परड्यातनं धावत आले. काका आप्पांचे धाकटे भाऊ. दोघांनी मिळून माग चालवले, आमच्या घरामागं शेड आहे यंत्रमागांची. आप्पा आजारी पडले आणि बीमं, म्हणजे मागावर चढवायची सुताची रिळं, ती पण संपली, म्हणून तेव्हा माग बंद होते.

"फेज पडला," काका म्हणाले. "दादा, घाबरू नका, बदलतो लगेच."

आता हे बदलणं काय ते सांगते. आमच्या घरात तीन फेज आहेत. म्हणजे खांबावरनं तीन जिवंत वायरी येतात आणि चौथी न्यूट्रल, जिच्यातनं तिघींचा करंट परत जातो. आप्पांची खोली आणि बाथरूमचा गिझर पहिल्या फेजवर, स्वयंपाकघर दुसऱ्यावर, पुढची खोली तिसऱ्यावर. आणि मीटरच्या खाली एक गोल खटका, एक-दोन-तीन लिहिलेला. एक फेज पडला, पंखा रेंगाळायला लागला, की खटका फिरवायचा आणि त्या खोलीला दुसऱ्या फेजवर टाकायचं. आमच्या भागात हे कुणीही करतं. "फेज बदल गं" हे आमच्यात "दार लाव गं" इतकं साधं वाक्य आहे. मी स्वतः शाळेत असल्यापासनं स्टुलावर चढून फेज बदललाय. तेव्हा फ्यूज इकडचा तिकडं घालून; हा गोल खटका मात्र आप्पांच्या खोलीपुरता होता, मशीन आल्यावर मुद्दाम बसवून घेतलेला.

काकांनी आधी स्वयंपाकघरातला फ्रीज बंद केला. लोड कमी करावा म्हणून. त्यांच्या हिशोबानं बरोबरच होतं. पण फ्रीज बंद झाला तसा तिथल्याच देव्हाऱ्यावरचा झिरोचा बल्ब पांढराफटक पेटला. जुना, तारेचा बल्ब, एरवी नुसता तांबडा मिणमिणायचा. आणि माझ्या मागं टीव्हीच्या डब्यातनं टप् असा आवाज आला, पाठोपाठ जळका वास.

तेव्हा मी पेन खाली ठेवलं. कारण फेज पडतो तेव्हा बाकीच्या खोल्यांचं काही बिघडत नाही. त्या असतात तशाच राहतात. इथं एक खोली मरत होती आणि दुसऱ्या दोन पेटत होत्या.

आणि माझ्यासमोर टेबलावर मिलमन उघडा होता. मिलमनचं प्रमेय साध्या भाषेत सांगते. तीन दोऱ्या एका गाठीला बांधल्यात, तीन माणसं तीन दिशांना ओढतायत असं समजा. गाठ मेखेला बांधून मेख जमिनीत ठोकलेली असेल, तर कुणी कितीही ओढा, ती जागची हलत नाही. न्यूट्रल म्हणजे ती मेख. मेख उपटली की जो जास्त जोरानं ओढतो त्याच्याकडं गाठ सरकते. त्याची दोरी आखूड होते आणि बाकीच्या दोघांच्या लांब होतात. आखूड दोरी म्हणजे कमी व्होल्टेज, लांब दोरी म्हणजे जास्त. गाठ नेमकी किती सरकली ते काढायचं सूत्र म्हणजे मिलमन. मी ते ऑप्शनला टाकायच्या विचारात होते, लई आकडेमोड असते म्हणून.

मी पळत मीटरपाशी गेले. काकांचा हात खटक्यावर होता.

"काका, फिरवू नका."

"का?"

"न्यूट्रल सुटलंय. बहुतेक."

"न्यूट्रल सुटलं की लाईट जाती सगळी. एवढं कळतंय मला."

"एकच फेज असला तर जाते. तीन असले तर जात नाही, सरकते."

"सरकती? लाईट काय खुर्ची हाय व्हय सरकायला? हात काढ. मशीन वाजालंय आत."

मी खटक्यावर पंजा ठेवला होता. कधी ठेवला मलाच कळलं नाही. काकांना मी आयुष्यात असं कधी अडवलं नव्हतं, आमच्यात अडवत नाहीत. काकांच्या कपाळावर घाम. ते रागावले नव्हते, घाबरले होते, आणि ते बघून मला जास्त भीती वाटली.

"दोन नंबरला फुल्ल पॉवर हाय की," ते म्हणाले. "तो झिरो बघ कसा पेटलाय."

"म्हणूनच नको."

"म्हणूनच काय, म्हणूनच? येड्यागत करालीस. कमी हाय तिथनं काढून जास्त हाय तिथं लावायचं, न्हानपणापास्नं हेच करत आलोय."

"तिथं तीनशेच्या वर असेल. मशीन जळेल, काका. मग फेज कितीही बदला."

आतनं आप्पांचा आवाज आला. एकेक शब्द सुटा, मध्ये श्वास. "काय भांडालाय... रं तिथं? मी हाय... अजून."

आई दाराच्या चौकटीत उभी होती, बोटाच्या चिमट्याकडं बघत. "त्र्याण्णव," ती म्हणाली. "आधी सत्त्याण्णव हुतं."

आता टाइप करतेय म्हणून खरं सांगते. मला खात्री नव्हती. मी खरंखुरं सुटलेलं न्यूट्रल कधीच बघितलं नव्हतं, पुस्तकातलं बघितलेलं, तिथं सगळे आकडे दिलेले असतात आणि उत्तर मागच्या पानावर. माझं चुकलं असतं तर चांगला फेज शेजारी असताना मी आप्पांचं मशीन मरू देत उभी होते.

"मोजू," मी म्हटलं. "फक्त मोजू. मग तुम्ही म्हणाल ते."

प्रॅक्टिकलसाठी घेतलेला माझा मल्टिमीटर पिशवीत होता, पिवळा, स्वस्तातला. आप्पांच्या खोलीतल्या रिकाम्या प्लगात त्याच्या सळया घातल्या, एरवी दोनशे तीस व्होल्ट दिसायला पाहिजेत. एकशे साठ, एकशे पन्नास, परत एकशे साठ, आकडा नाचत होता. तशीच स्वयंपाकघरात गेले. तीनशे पाच. काका माझ्या खांद्यावरनं बघत होते. तेवढ्यात झिरोचा बल्ब फट् करून गेला.

काकांनी वर बल्बकडं बघितलं. मग म्हणाले, "मीटर बरोबर हाय न्हवं तुझा?"

"आहे."

"कितीचा?"

"काका."

"न्हाय, इचारलं."

मला त्यांना पटवायचं होतं आणि मला स्वतःलापण पटवायचं होतं. जोरात कोण ओढतंय ते शोधायला पाहिजे होतं. पहिल्या फेजवर, आप्पांच्या बाजूला, असं कोण होतं? मशीन काही एवढं ओढत नाही. आणि मग कळलं. गिझर. आप्पांचं अंग पुसायला आईनं पाणी तापत ठेवलं होतं.

"आई, गिझर बंद कर," मी म्हटलं. "काका, तुम्ही माझा पंखा बघा. गिझर बंद झाला की पंखा हळू होईल आणि मशीनचा आवाज वाढेल. नाही झालं तर खटका फिरवा, मी हात लावणार नाही."

काकांनी माझ्याकडं असं बघितलं की गिझरचा आणि पंख्याचा काय संबंध, गिझर तिकडं, पंखा इकडं. आईनं गिझरचा खटका दाबला.

पंखा हळू झाला. आतनं मशीनची घुर्र घुर्र उचलली आणि शिट्टी थांबली.

बरोबर आल्याचा जो काही आनंद असतो तो मला पुरता झालाच नाही, कारण शिट्टी थांबल्यावर दुसरा आवाज ऐकू यायला लागला. मेन स्विचच्या डब्यातनं चर् चर्, तेलात पाण्याचा थेंब पडल्यासारखं. न्यूट्रल अजून पुरतं तुटलं नव्हतं, ढिलं होऊन आत ठिणग्या पडत होत्या. कधीही पूर्ण सुटलं असतं. काकांनी पण ऐकलं. त्यांनी डब्याजवळ नाक नेलं, बाजूला झाले.

"मेन पाडाय पाहिजे," ते म्हणाले.

"हो."

"आन मग दादानं श्वास कशानं घ्यायचा?"

आई म्हणाली, "मेन पाडायचं न्हाय. शिट्टी थांबलीया न्हवं? वायरमनला फोन करा, तो येईस्तोवर चालंल."

"वैनी, आत जळालंय."

"जळू दे. माणूस आधी."

मला वाटतं, त्या अख्ख्या दुपारी सगळ्यात अवघड ते तेवढंच होतं. आईचं चूक नव्हतं. चालू मशीन आपल्या हातानं बंद करायचं होतं, आणि तसं सांगणारी मी, सोमवारचा पेपर निघेल का नाही याची मारामार असलेली.

"शेडमधनं घेऊ," मी म्हटलं. शेडचं कनेक्शन वेगळं आहे, खांबावरनं वेगळी केबल, वेगळा मीटर.

"तिथंबी हेच असलं तर?" काका.

"बघते."

परड्यातनं पळत शेडमध्ये गेले. बंद माग, सगळीकडं कापसाची भुकटी, अंधार. बोर्डच्या प्लगात सळया घातल्या. दोनशे तीस, एकदम स्थिर. मी ओरडून सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.

कारण थेवेनिन. थेवेनिन म्हणतो, बाहेरनं बघताना आतलं सगळं जंजाळ म्हणजे एक बॅटरी आणि तिच्यापुढं एक रोधक. रोधक म्हणजे अडथळा, आणि काहीच जोडलं नसताना तो दिसतच नाही. वायर आत जळून धाग्याएवढी उरली असली तरी मीटर दोनशे तीसच दाखवतो, कारण मीटर जवळजवळ काही ओढतच नाही. ओढायला लावलं की कळतं. आमच्या घरातसुद्धा सकाळपासनं तसंच असणार. आईनं गिझर लावेपर्यंत सगळं झकास.

म्हणून मी शेडमधल्या सगळ्या ट्यूबा लावल्या, दोन्ही मोठे पंखे लावले. छतावरची भुकटी सगळी माझ्या डोक्यावर. दारातनं काकांची हाक, "काय करालीस आत? पंखं कशाला लावालीस?"

"मोजतेय."

"मोजलीस की मघाशी."

"परत मोजतेय, काका, थांबा."

दोनशे सव्वीस. हलत नव्हतं. तीनही फेजच्या प्लगात बघितलं, सगळीकडं तेवढंच, एक कमी एक जास्त असं काही नाही. तिथली मेख घट्ट होती.

सुताच्या कांड्या भरायच्या मशीनची लांब वायर होती, जाड, बोर्डासकट. काकांनी ती ओढत परड्यातनं आणली, खिडकीतनं आप्पांच्या खोलीत घेतली. आप्पा उशीला टेकून आमच्याकडं बघत होते, नाकात नळी.

"लग्नाचा... मांडव घालालाय व्हय?" ते म्हणाले.

"दादा, बोलू नका."

"मग... तू तरी बोल... काय ते."

काकांनी मला खूण केली, तू सांग. मी आप्पांच्या पायाशी बसले आणि सांगितलं की मशीन थोडा वेळ बंद होईल, दुसरीकडं लावू, परत चालू होईल, पण चालू झाल्या झाल्या पूर्ण ऑक्सिजन देत नाही, त्याला वेळ लागतो, तोपर्यंत हळू श्वास घ्या. आप्पांनी मान हलवली. मग आईकडं बघितलं, आई भिंतीकडं बघत होती.

"करा," आप्पा म्हणाले.

मेन काकांनीच पाडला. मी प्लग काढून इकडचा तिकडं लावला. पंखा थांबला, फ्रीज आधीच बंद, घर एकदम मुकं झालं. मशीनचं बटण दाबलं. घुर्र सुरू झालं, चांगलं दणदणीत, पण दिवा पिवळा. पिवळा म्हणजे अजून ऑक्सिजन पुरेसा नाही. हिरवा व्हायला पाहिजे.

आई आकडा वाचत होती. ती आकडा वाचते तेव्हा गावातल्या पंचांगवाल्यासारखा सपाट आवाज लावते. "एक्क्याण्णव." मग, "नव्वद." मग गप्प बसली. मी वाकून बघितलं, अठ्ठ्याऐंशी. आप्पांच्या गळ्याजवळचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जात होता. काका मशीनच्या पुढं उकिडवे बसलेले, दिव्याकडं डोळे लावून, जणू बघून बघून तो पिकणार होता.

"किती वेळ लागतो गं ह्याला?" त्यांनी हळूच विचारलं.

"लागतो थोडा."

"थोडा म्हंजे?"

मला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी मशीनवाला सांगून गेला होता आणि मी तेव्हा मोबाईल बघत होते का काय, आठवेना. सत्त्याऐंशी. माझ्या मनात एकच चाललेलं, मल्टिमीटर दोनशे सव्वीसच दाखवत होता ना, मी नीट वाचलं ना, डायल एसीवरच होती ना. आणि खोलीत कुणी कुणाकडं बघत नव्हतं. आप्पा सोडून. ते माझ्याकडंच बघत होते, श्वास घेता घेता, आणि त्यांनी चादरीवरनं हात थोडा पुढं सरकवला. मी तो धरला. गार होता.

दिवा हिरवा झाला तो कुणाला लगेच कळलाच नाही. काका दिव्याकडं बघत होते तरी बघतच राहिले. मग म्हणाले, "हा रंग कंचा?"

"हिरवा हाय की," आप्पा म्हणाले.

अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद. आई परत मोठ्यानं वाचायला लागली. ब्याण्णवला ती खाली बसली, तिथंच, दाराशी, पदर तोंडाला लावून. काकांनी तिला पाणी आणून दिलं, आणि मग खिडकीतनं आलेल्या वायरीला एक खिळा मारून ती नीट अडकवली, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून. हातोडीचे दोन-तीन ठोके चुकले, एक अंगठ्यावर बसला.

वायरमन उन्हं उतरल्यावर आला. त्यानं खांबावरची लाईन पाडायला लावून मेनचा डबा उघडला तर न्यूट्रलची ॲल्युमिनियमची वायर काळी ठिक्कर, स्क्रूला नुसती टेकलेली. त्यानं ती कापून नवीन बसवली, आवळली, आणि जाता जाता काकांना म्हणाला, "फेज बदलला न्हाईसा ते बरं केलासा. लोक पयलं तेच करत्यात."

"आम्ही न्हाय बदलत," काका म्हणाले.

मी आतनं ऐकलं. आप्पांनीपण ऐकलं असावं, त्यांचे खांदे हलले. हसले की खोकले कळेना, म्हणून मी पटकन आकडा बघितला. पंच्याण्णव होता. ते म्हणाले, "किती येळा बघशील? जा, अभ्यास कर," आणि माझा हात मात्र सोडला नाही, म्हणून मी तिथंच बसून राहिले.